कडीखालची जागा

ज्वारीच्या पिठाच्या डब्यात मला एकदा पटाशी सापडली. सुताराच्या घरात काय काय सोसावं लागतं हे मी माहेरीच बघितलं होतं, कारण वडीलही सुतारच. पण पिठात पटाशी म्हणजे हद्द झाली. मी ती धुतली, पुसली आणि जेवायला बसलेल्या नवऱ्याच्या ताटात भाकरीच्या जागी वाढली. त्यांनी ती उचलली, अंगठ्यानं धार बघितली आणि म्हणाले, "अगं, कवापासून हुडकतोय हिला. कुठं गावली?" माझ्या रागाकडे लक्षच नाही. सुताराचं मन बाभळीपाशी म्हणतात ते खोटं नाही. शेवटी मलाच हसू फुटलं आणि भाकरी वाढावी लागली.

पारनेर तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावात आमचं दोन खणांचं धाब्याचं घर होतं. आतल्या खणात चूल, देव, बाज, ज्वारीची कणगी आणि आम्ही दोघं. सासू-सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. बाहेरच्या खणात कामाची जागा. तिला आम्ही दुकान म्हणायचो, पण विकायला ठेवलेलं तिथं काहीच नव्हतं. मधोमध लाकूड तासायचा ठिया, त्याच्याभोवती ढलप्या, भिंतीला टेकवलेले मोडके कुळव, अर्धवट चौकटी, कुणाच्या तरी बैलगाडीची साटी. आणि हत्यारं कुठेही. वाकस देवळीत दिव्याशेजारी, गिरमिट उंबऱ्यावर, रंधा बाजेखाली. मी म्हणायचे, आता या घरात माणसांनी उभ्यानं झोपायचं तेवढं राहिलंय.

एवढ्या अडचणीत एक कोपरा मात्र मोकळा असायचा. दारातून आत आल्यावर डाव्या हाताचा. तिथं वर तुळईला एक लोखंडी कडी होती, सासऱ्यांनी घर बांधताना ठोकलेली. तिच्याखालची जमीन मी रोज झाडायचे, दर अमावस्येला सारवायचे. तिथं कुणी खिळ्याचं पुडकं जरी टेकवलं तरी माझा पट्टा सुरू व्हायचा. नवरा बिचारा चौकट तासताना अंग चोरून बसायचा, पण त्या कोपऱ्यात पाय पसरायचा नाही.

कडीला दोन कामं होती. एक म्हणजे लोकांचे पाळणे. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरचे पाळणे आमच्याकडेच व्हायचे. नवा पाळणा झाला की गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी तो कडीला टांगून बघायचा, दोऱ्या सारख्या आल्यात का, एका अंगाला कलतोय का. पण रिकामा पाळणा हलवायचा नसतो. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग त्यात काय घालायचं? तर माझा वरवंटा. बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्याखालून-वरून या बाईच्या हातातून त्या बाईच्या हातात देतात, तसाच. आमच्या घरात त्याला बारशाच्याही आधीचा मान होता. बाहेरून हाक यायची, "अगं, गडी दे की जरा." वरवंट्याला ते गडी म्हणायचे. मी वाटता वाटता उठायचे, वरवंटा धुऊन, पदराला पुसून द्यायचे. ते त्याला पाळण्यात आडवा करायचे, झोका द्यायचे, एक डोळा मिटून दोऱ्या बघायचे. मग गडी परत यायचा आणि मी राहिलेली चटणी वाटायचे. गावातल्या कितीतरी पोरांच्या आधी माझा वरवंटा त्यांच्या पाळण्यात निजून आला होता.

कडीचं दुसरं काम अजून व्हायचं होतं. ते आमच्या स्वतःच्या पाळण्याचं.

पाळणा माहेरून येतो. माझ्या पहिल्या खेपेला वडिलांनी सागाची चांगली फळी बघून बाजूला काढली होती. करायला घेतली नव्हती, कारण मूल जन्मायच्या आधी पाळणा करत नाहीत. मूल जन्मलं, पण रडलं नाही. पुढे त्या फळीचा वडिलांनी पाट केला. लाकूड फुकट कसं घालवायचं, सुतारच ते. माहेरी गेले की मी त्याच पाटावर जेवायला बसायचे, आणि त्यांना वाटायचं मला काही माहीत नाही. दुसरी खेप तिसऱ्या महिन्यातच आटोपली. त्यानंतर बरीच वर्षं काहीच नाही. बायका सांगायच्या ते सगळं केलं, वडाला फेऱ्या घातल्या, शनिवार धरले, कुणी दिलेल्या मुळ्या उगाळून प्यायले. काही झालं नाही. मी कोपरा झाडत राहिले.

दुष्काळाच्या वर्षीचा श्रावण होता तो. श्रावण म्हणायचं पंचांगापुरतं. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ, आणि पेरलेलं जमिनीतच राहिलेलं. अशात एक दिवस कर्जतकडून नवऱ्याचे मामा आले. ते एसटीतून उतरले तेव्हा टपावरून त्यांच्यामागे एक लाकडी पेटी उतरली, दोन पोती उतरली, आणि गोणपाटात गुंडाळलेली एक माणसाएवढी लांब वस्तू. मामांचे हात कापायला लागले होते. पाण्याचा तांब्या धरतानाही निम्मं पाणी अंगावर सांडायचं.

"पोरं हायेत मला, पर समदी पुन्याला मशीनवर," मामा म्हणाले. "हत्यार कुनालाच नको. इकायचं तर मन हुत न्हाई, माझ्या बापाच्या हातचं हाय. तू संभाळ. तुझ्याकडं चाललं तरी मला समाधान."

नवऱ्यानं पेटी उघडली आणि त्यांचा चेहरा असा झाला की आमच्या लग्नातसुद्धा झाला नसेल. बारीक-मोठ्या पटाश्यांचा अख्खा संच, किंकरी, तीन तऱ्हेचे रंधे, शिसवी मुठीचा गुण्या, कानशी. गोणपाटातून निघाली ती करवत. मोठे ओंडके फाडायची, दोन्ही टोकांना मुठी असलेली, दोघांनी समोरासमोर ओढायची. आमच्याकडे असली करवत नव्हती. ओंडके फाडायला नवरा ते गाडीत घालून दुसऱ्या गावाला न्यायचा.

मामा दुसऱ्या दिवशी गेले. हत्यारं दुकानात पसरलेली. आधीच पाय ठेवायला जागा नाही, त्यात हे सगळं बाळंतपण! नवरा ठियावर बसून इकडे तिकडे बघत होता. बघता बघता त्याची नजर कडीखालच्या जागेवर गेली. सगळीकडे फिरून पुन्हा तिथंच आली. हिशेब चालू होता हे दिसत होतं.

"तिथं न्हाई," मी म्हणाले.

"मी कुठं काय म्हनलो?"

"म्हनायच्या आतच सांगून ठिवते. तिथं न्हाई."

एरवी मी हे ओरडून म्हणाले असते. त्या दिवशी हळू म्हणाले. त्यांनी मान वर करून माझ्या तोंडाकडे बघितलं, मग पोटाकडे, मग पुन्हा तोंडाकडे. मला दिवस गेले होते आणि मी अजून कुणालाही सांगितलं नव्हतं, त्यांनाही नाही. सांगितलं की नजर लागते अशी भीती बसली होती. ते उठून बाहेर गेले, उगाच बैलांच्या रिकाम्या गव्हाणीशी उभे राहिले आणि परत आले. "न्हाई तर न्हाई," म्हणाले. "समदं बसवून दावतो तुला. त्या कोपऱ्याला हात न लावता."

आणि बसवलं. त्या दिवसांत शेतीची कामं बंदच होती. येणारं काम म्हणजे दुष्काळी कामावरच्या लोकांच्या टिकावांना, हातोड्यांना दांडे घालून द्यायचे. ते उरकलं की हे आमच्या दुकानाच्या मागे लागायचे. खिडकीखाली एक लांब पट्टी ठोकली, तिला भोकं पाडली आणि पटाश्या, किंकरी बारकीपासून जाडीपर्यंत ओळीनं उभ्या केल्या. मोडलेल्या मोटेचं चामडं कुणाकडून तरी मागून आणलं, त्याचे पट्टे कापले, दाराच्या मागे ठोकले आणि त्यात कानशी खोवल्या. दार उघडलं की त्या दिसेनाशा व्हायच्या, लावलं की हजर. तुपाच्या रिकाम्या डब्यांची झाकणं फळीच्या खालच्या अंगाला ठोकली, आणि डबे त्यांना खालून बसवले, आत खिळे. तुळई आणि छताच्या मधल्या फटीत फळ्या सरकवल्या. बाजेच्या खुरांना लाकडी ठोकळे लावून बाज वीतभर उंच केली आणि मामांची पेटी तिच्याखाली घातली. रात्री बाजेवर चढताना मला वाटायचं, माचणावर राखणीला चाललेय.

तरी चार हत्यारं उरलीच. मग ते आत आले आणि कणगीपुढे उभे राहिले. कणगी रिकामी होती. नवी ज्वारी येणार नव्हती हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. रेशनचं धान्य काय, पिशवीत मावायचं. कणगी कुडाबाहेर गेली आणि तिच्या जागी रंध्यांची फळी आली. दुष्काळानं आम्हाला एवढी एकच गोष्ट दिली, जागा. मी म्हटलं, "घरात न्हाई दाना आन् मला बाजीराव म्हना!" ते हसले. आम्ही त्या दिवसांत फार हसायचो. लोक पाण्यासाठी वणवण करत होते आणि आम्ही हसत होतो, याची मला आजही लाज वाटत नाही.

सगळं लावून झाल्यावर त्यांचा एक खेळ असायचा. ठियावर बसायचं, डोळे मिटायचे आणि मला सांगायचं, "माग काय बी." मी म्हणायचे, बारकी पटाशी. हात बरोबर जायचा. गुण्या. बरोबर. मग मी हळूच उठून दोन हत्यारांची अदलाबदल करायचे. हातात भलतंच आलं की डोळे मिटूनच म्हणायचे, "उंदीर लई झालेत घरात."

करवत तेवढी कुठेच बसेना. भिंतीला आडवी लावावी तर दार अडायचं, उभी करावी तर घसरायची. तिला टांगायलाच हवं होतं, आणि टांगायला घरात एकच कडी. त्यांनी ते तोंडातून काढलं नाही. दिवसा करवत बाहेर भिंतीशी, रात्री गोणपाटात गुंडाळून आत आमच्या बाजेच्या कडेला. मी म्हणायचे, सवत आणलीये घरात. एकदा तिला तेल लावता लावता मी विचारलं, "हिला दोन मानसं लागत्यात. तुमची एक मूठ. दुसरी कोन धरनार?"

"धरंल कुनीतरी," ते म्हणाले. "मोटं झाल्यावर."

पोटातल्या बाळाबद्दल ते एवढंच बोलले. सबंध त्या महिन्यांत एवढंच.

त्यांनी मला घागर उचलू दिली नाही. गावाची विहीर आटली होती, ओढ्यातल्या झऱ्यावर रांग लागायची. तिथं बायकांच्या रांगेत हे हंडा घेऊन उभे. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, पारावरचे पुरुष टोमणे मारायचे. हे डोक्यावर चुंबळ ठेवून शांतपणे यायचे. सातव्या महिन्यात शेजारणींनी ओटी भरली. रेशनचे गहू होते आणि फळ म्हणून एक नारळ, तोही कुणाच्या तरी देवापुढचा. बांगडीवाल्या चाची आल्या. गावातल्या सगळ्या बायकांच्या मनगटांचं माप त्यांना पाठ. त्यांनी माझा हात दाबून, वळवून, एकही न फुटता हिरव्या बांगड्या भरल्या आणि म्हणाल्या, "हात भरलाय बेटी तुजा. आता समदं चांगलं हुनार."

त्याच महिन्यात पोटात कळा आल्या. वेळ झालेली नव्हती. बैलगाडीतून पारनेर, तिथून नगरच्या दवाखान्यात. मला आठवतो तो फक्त गाडीचा आवाज, आणि त्यांनी दोन्ही हातांनी धरलेलं माझं डोकं. शुद्धीवर आले तेव्हा हातात बांगड्या नव्हत्या. डॉक्टरीण बाई शेजारी बसून हळू आवाजात बोलल्या. मुलगी होती. ती गेली. रक्त थांबत नव्हतं म्हणून पिशवी काढावी लागली. "तुम्ही वाचलात हे खूप झालं," त्या म्हणाल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं. कुणाचंच काही चुकलं नव्हतं. मी आयुष्यभर शोधत आले, कुणाला तरी दोष देता यावा म्हणून. मी पडले नव्हते, जड उचललं नव्हतं, ग्रहणात काही चिरलं नव्हतं. दोष द्यायलाही कुणी नसणं, हे फार वाईट असतं. रडताना सुद्धा कुणाच्या तरी नावानं रडता आलं तर बरं वाटतं.

मुलीला ते एकटेच घेऊन गेले. कुठे, ते मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

मी दवाखान्यातून माहेरी गेले आणि टाके सुकेपर्यंत तिथंच राहिले. आईनं मला जेवायला दुसरा पाट दिला. तो सागाचा पाट कुठेतरी उचलून ठेवला होता. म्हणजे मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं.

घरी परतले तेव्हा होळी होऊन गेली होती. नवरा मला फाट्यावरून घेऊन आला, दारात भाकरतुकडा ओवाळून टाकायला शेजारीण उभी होती. मी उंबरा ओलांडला आणि डावीकडे बघितलं.

कोपरा भरला होता. मामांची पेटी बाजेखालून काढून तिथं ठेवलेली, तिच्यावर गाडीच्या चाकाचे आरे रचलेले. आणि वर कडीला, एका मुठीत दोरीचा फास घालून, करवत टांगलेली.

शेजारीण जाईपर्यंत मी थांबले. मग जे बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. "जागा माजी हुती," मी ओरडले. "भरायची तर मी भरीन. तुमाला कुनी सांगितलं?"

"तुला रिकामी दिसू नये म्हनून..."

"दिसली असती तर दिसली असती! माजं पोट रिकामं हाय ते दिसतंय न्हवं मला? त्यात बी भरा की चार खिळं!"

ते भिंतीला टेकून खाली बसले. म्हणाले, "तू न्हवतीस. मी एकलाच हुतो हितं. मला बी रोज दिसत हुती ना ती जागा."

हे ऐकून मी विरघळायला हवं होतं. नाही विरघळले. मला एवढंच दिसत होतं की मी तिकडे खाटेवर पडलेली असताना यांनी माझ्या मुलीच्या जागेची सोय लावून टाकली. मी ठियावर चढले, करवत काढली आणि बाहेर नेऊन भिंतीशी टाकली. टाका ओढला गेला, डोळ्यांपुढे अंधारी आली, पण काढली. पेटी मला हलेना, ती राहिली.

पुढे कित्येक दिवस आम्ही कामापुरतं बोलत होतो. भाकरी वाढते, पाणी आणलंय, दार लावा. ते पाळणे घेईनासे झाले होते. कुणी पाळण्याचं विचारायला आलं की त्याला बाहेरच गाठून दुसऱ्या गावच्या सुताराचं घर सांगायचे. मला आतून ऐकू यायचं, "जागा न्हाई हो. टांगून बघाया जागाच न्हाई ऱ्हायली." कडी तर रिकामीच होती.

आणि मग एका सकाळी बांगडीवाल्या चाचींचा आवाज आला. माझं असं झाल्यापासून त्या आमच्या गल्लीत फिरकल्या नव्हत्या. तीच मनगटं, त्यांनीच भरलेल्या बांगड्या; त्यांना तोंड दाखवायला जड जात असणार. त्या दाराशीसुद्धा आल्या नाहीत. घराच्या कोपऱ्यावर उभ्या राहून हळूच बोलत होत्या. त्यांची लेक बाळंतपणाला आली होती, मुलगा झाला होता. बाळ झोळीत निजत नव्हतं, रडून रडून निळं पडत होतं.

"जागा न्हाई चाची," नवरा म्हणाला. "तुमी असं करा..."

"समजली मी. आमी बगू दुसरीकडं. तिला नका सांगू."

चूल पेटलेली होती. मी ती तशीच टाकून बाहेर आले. चाचींनी मला बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला. मला त्यांचा राग आला नाही, याचं मला स्वतःलाच नवल वाटलं. तिकडे बाळ एवढं रडतंय, आणि ते रडतंय हेच मला ऐकावंसं वाटत होतं.

"जागा हाय," मी म्हणाले. "लाकूड न्हाई. त्ये काढावं लागंल."

लाकूड म्हणजे मागच्या अंगणात कडुलिंबाचा एक ओंडका पडून होता. बाभळीचं लाकूड नांगराला. पाळण्याला काटेरी झाड घ्यायचं नाही, असं ते म्हणायचे. ओंडका फाडून फळ्या काढायच्या तर करवतीला दोन माणसं हवीत, आणि गावातले सगळे धट्टेकट्टे पुरुष खडी फोडायला गेलेले. ते गाडी जुंपायला निघाले, दुसऱ्या गावाला न्यायला.

"कशापायी? ही करवत काय पुजाया आनलीय?" मी पदर खोचला आणि दुसरी मूठ धरली.

"तुला जड काम सांगितलं न्हाई डॉक्टरीन बाईनं."

"मला काय काय न्हाई सांगितलंय, त्ये मला ठावं हाय. वढा."

बाईमाणसानं करवत ओढलेली आमच्याकडे कुणी पाहिलेली नव्हती. कुडावरून दोन-चार डोकी डोकावली आणि माझ्या एका नजरेनं खाली गेली. पहिल्यांदा जमेना. मी ढकलत होते. ते म्हणाले, "ढकलायचं न्हाई. फकस्त वढायचं. मी वढंन तवा तू ढिलं सोडायचं." मग जमलं. ते ओढायचे, मी सोडायचे. मी ओढायचे, ते सोडायचे. भुसा पायांवर पडत होता. मध्येच कधीतरी मी बघितलं तर ते रडत होते. हात चालूच, आणि तोंड वेडंवाकडं झालेलं. इतक्या दिवसांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. दवाखान्यात नाही, त्या दिवशी भांडणात नाही. ते थांबले नाहीत म्हणून मीही थांबले नाही, आणि मीही रडले. दुसरी मूठ कोण धरणार, हे मी विचारलं होतं. धरंल कुनीतरी, असं ते म्हणाले होते. दोघांनाही तेच आठवत होतं, हे सांगायला लागलं नाही.

पाळणा झाला. मामांच्या बारक्या पटाशीनं त्यांनी त्याच्या कडेला वेल कोरली. एरवी कोरत नसत. मी त्यांच्याबरोबर पेटी सरकवली, आरे बाहेर काढले, कोपरा झाडला, सारवला. जमीन वाळल्यावर पाळणा कडीला टांगला. मग ते नुसतेच उभे राहिले. हाक मारेनात. मला आतून कळत होतं, ते का थांबलेत. मी वरवंटा धुतला, पदराला पुसला आणि घेऊन आले.

"घ्या तुमचा गडी."

त्यांनी हात पुढे केला. पण मी दिला नाही. मीच तो पाळण्यात ठेवला, आडवा, मध्यावर. आजवर कधीच मी त्या कडीखालचा पाळणा हलवला नव्हता. झोका पहिला मी द्यायचा तो माझ्याच बाळाला, असं मनाशी धरून बसले होते. दोरी हातात घेतली आणि झोका दिला. पाळणा सरळ गेला, सरळ आला. कुठे कलत नव्हता. दोऱ्या बघायचं त्यांचं काम होतं, पण ते दोऱ्यांकडे बघत नव्हते. मी तिथंच, दोरी न सोडता, मोठ्यानं रडले. ज्या मुलीला मी बघितलंही नाही तिच्यासाठी, पहिल्याच्या न फुटलेल्या रडण्यासाठी, पाटासाठी, सगळ्यासाठी. वरवंटा आपला निजला होता.

संध्याकाळी चाचींचा जावई पाळणा डोक्यावर घेऊन गेला. त्या रात्रीच्या चटणीला मीठ जास्त झालं होतं. त्यांनी ती बोटानं पुसून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी ते कामाला बाहेर गेले होते. घर नीट लागलेलं होतं. पटाश्या पट्टीत ओळीनं, कानशी दारामागे, डबे फळीखाली, रंधे कणगीच्या जागी. सगळ्याला ठिकाण होतं. बाहेर भिंतीशी फक्त करवत पडून होती, तिच्या दात्यांत अजून कडुलिंबाचा भुसा. असं लोखंड उघड्यावर ठेवलं तर गंजून जातं. मी तिला पुसलं, तेल लावलं, आत आणलं. ठिया सरकवून त्यावर चढले आणि मुठीतला फास कडीत अडकवला. कुणाचा पाळणा आला की काढता येईल. गेला की पुन्हा अडकवता येईल. पुढे कितीतरी वर्षं आम्ही तसंच केलं.

खाली उतरले तेव्हा करवत हलत होती, हळूहळू, इकडून तिकडे. मी हात लावून तिला थांबवलं.